अकरा नव्हे, साडेतीन गिरक्या

मास्तर, तुमच्या दशक्रियेला लोकांनी माझ्या हातात माईक दिला. चूक त्यांची.

आपल्याकडं, जुन्नर-आंबेगावात, दशक्रियेला पिंडाआधी भाषणं होतात. तुम्ही अशा भाषणांना घड्याळ लावून बसायचात आणि घरी जाताना कुणी किती मिनिटं खाल्ली ते सांगायचात. तुमच्या वेळी तिघं बोलले. तिघांनीही तुम्ही उत्तुंग भरारी घेतली असं सांगितलं. तुम्ही जन्मभर विमानातल्या माणसांना नीट खाली कसं यायचं ते शिकवलंत, याचा तिघांनाही पत्ता नव्हता. एकूण एकतीस मिनिटं. मी मोजली, कारण मोजणारा गेला होता.

तुमचं बिऱ्हाड आण्याच्या पठारावर, पण पठाराला नदी नाही. म्हणून विधी आमच्या बोरी बुद्रुकला, कुकडीच्या घाटावर. म्हणजे गर्दी माझ्या गावची आणि माझ्या गोष्टी पाठ असलेली. तिसरं भाषण संपतंय न संपतंय तोच मागून आवाज आला, "आता बबनरावांना द्या राव! त्यांच्या अकरा गिरक्या हुंद्या!"

घाटावर हसू पसरलं. दुःखाच्या ठिकाणी हसतात तसं, तोंडावर रुमाल धरून. आणि लिंबाच्या झाडाखाली वडलांशेजारी प्राजक्ता उभी होती. ती हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

प्राजक्ता तुमची शेवटची विद्यार्थिनी. खरं तर न झालेली. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि सात वर्षं वडलांच्या कांदाचाळीत स्वतःच्या हातानं विमान बांधत होती. विमान तयार, दिल्लीहून परवान्याचे कागद आलेले. सोमवारपासून तुम्ही तिला तुमच्या विमानातून वर नेणार होता. आणि त्याआधीच्या गुरुवारी दुपारी तुम्ही छातीवर पेपर ठेवून झोपलात ते उठलाच नाहीत. तिसऱ्या दिवशी ती माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आली.

"काका, दुसरे मास्तर लांब आहेत. तीन महिन्यांनी नंबर लागतोय. तुम्ही शिक्षक नाही हे मला माहितीय. पण मास्तरांच्या विमानात मागच्या सीटवर नुसते बसा. अकरा गिरक्यांतून बाहेर आलेला माणूस आता मी कुठं शोधू?"

मी काय म्हणालो ठाऊक आहे? नाही म्हणालो नाही. "बघू," म्हणालो.

आता हे छापून येणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. तुम्ही तेवढा वेळ कान झाका, चुका काढू नका. विमान नाक वर करून हळूहळू व्हायला लागलं की एका क्षणी पंखाची वाऱ्यावरची पकड सुटते. इंजिन चालू असतं, पुढचा पंखा फिरत असतो, पण दोन्ही बाजूंचे पंख म्हणजे नुसता पत्रा. याला स्टॉल म्हणतात. त्यातच एक पंख दुसऱ्याआधी खचला की विमान नाक खाली घालून गरागरा फिरत निघतं. ती गिरकी. समोर आकाश नसतंच, नुसती जमीन. हातात स्टिक असते, विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा. तेव्हा अंगावरचा प्रत्येक केस ओरडतो, ती पोटाशी ओढ, नाक वर घे. आणि ओढत राहिलं तर गिरकी जमिनीपर्यंत सुटत नाही. ढकलायची असते. जमिनीकडं पडत असताना जमिनीकडंच ढकलायची.

आणि आम्ही कोण? बैलवाले. बैल उधळला की कासरा ओढायचा, हे आम्हाला अंगावरचं दूध सुटायच्या आधी कळतं. तुम्ही म्हणायचात, "शहरातली पोरं घाबरून ओढतात. तुम्ही लोक सवयीनं ओढता. भीती जाते हो, सवय नाय जात." म्हणून तुम्ही इंग्रजी सूचना बाजूला ठेवून आमच्यासाठी दोन-दोन शब्दांच्या चार जोड्या केल्यात: गॅस बंद. हात मधी. पाय उलटा. कासरा सोड. जमिनीवर मी त्या अशा म्हणून दाखवायचो की आरतीला उभा राहिलोय असं वाटावं.

आपली पहिली भेट आठवते का? मी द्राक्षबागांचे मांडव वेल्डिंग करणारा माणूस. त्याच नळ्या कापता-जोडता मी विमान बांधलं. त्याचं इंजिन सुरू झालं की आळ्यात म्हशी दूध चोरायच्या, इतका आवाज. (होय, आळं गाव लांब आहे. वारा तिकडं होता.) ट्रॉलीवर घालून मी ते पठारावर आणलं. पठारावर वारा असा की आण्यात शिंकलं की बेल्ह्यात रुमाल काढतात. तुम्ही घरात गेलात, चमचा घेऊन आलात आणि माझ्या विमानाचा एकेक जोड वाजवून कान देत राहिलात. दोन तास. मग म्हणालात, "वेल्डिंग चांगलं आहे. आता माणसाचं बघू."

मग पंखावर धनगरांकडून आणलेल्या लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवलेत. गावात मी सांगितलं, मास्तरांनी माझ्या विमानाला घोंगडी पांघरलीय, त्याला पठारावरची थंडी बाधते. खरं कारण मला वर गेल्यावर कळलं. वाऱ्याची पकड आहे तोवर लोकर शिस्तीत मागं पडलेली असते. पकड सुटायला लागली की तीच लोकर शेळीच्या शेपटासारखी ताठ उभी राहते, थरथरते. तुम्ही म्हणालात, "घरी बांधलेल्या विमानाचं पुस्तक नसतं. दोन भावांनी एका नकाशावरनं बांधलेली दोन विमानं वेगळी वागतात. तुमचं कधी रुसतं ते तुम्हीच बघून ठेवायचं. उंचावर, हळूहळू. आणि त्यात गिरकी मात्र कधीच घ्यायची नाही. गिरकी शिकायची ती माझ्या विमानात. ते त्यासाठीच बांधलंय."

पण तुमच्या विमानाला तुम्ही आठ दिवस हात लावू दिला नाहीत. आठ दिवस नुसतं आण्याच्या टपरीवर बसायचं आणि चहा प्यायचा. तुम्ही गप्प. मी तंबाखू मळत बोलत असायचो. बिबट्याची गोष्ट मी तिथंच पहिल्यांदा सांगितली: सकाळी शेड उघडतो तर बिबट्या माझ्या विमानात, पायलटच्या सीटवर, पट्टा लावून बसलेला. टपरीवाला हातातली किटली विसरला. तुम्ही एवढंच विचारलंत, "पट्टा कुठल्या बाजूनं लावला व्हता?"

मला वाटायचं, तुम्ही माझ्या गोष्टी ऐकताय.

नवव्या दिवशी सकाळी तुम्ही माझे खिसे रिकामे करून घेतलेत. किल्ल्या, मोबाईल, कंगवा, सुटे पैसे. विमानात सुटी वस्तू नको, हा तुमचा नियम. एकदा एकाच्या खिशातून तुम्ही बडीशेप वेचून काढली होती. माझ्या शर्टाच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीवर आणि चुन्याच्या डबीवर तुम्ही बोट ठेवलंत, जरा थांबलात आणि म्हणालात, "राहू द्या. बटण लावा."

तेव्हा मला त्यात मोठा मान वाटला होता.

वर गेलो. मी पुढं, तुम्ही मागं. गॅस कमी, नाक वर, स्टिक पोटाशी, आणि पंख थरथरला तसं तुम्ही सांगितलेल्या पायाखालचं पेडल दाबलं. विमान कलंडलं, उलटं झाल्यासारखं वाटलं आणि निघालं खाली. समोरून पठार गेलं, कुकडी गेली, पुन्हा पठार आलं, दर फेरीला मोठं होऊन. चार जोड्यांतली एकही आठवली नाही. आरती गेली, देव गेला. मी दोन्ही हातांनी स्टिक पोटात रुतवून बसलो.

"कासरा सोड," तुमचा आवाज कानातल्या हेडफोनमधून आला.

मी आणखी ओढला.

"बबनराव, सोडा."

मागून तुमच्या हातांचा जोर मला स्टिकवर कळत होता. पण तुम्ही सत्तरीचे आणि मी वीस वर्षं लोखंड वाकवणारा. हरत होतात तुम्ही. मला तेही कळत होतं आणि तरी हात ऐकत नव्हते. ते माझे राहिलेच नव्हते. माझ्या बापाचे, आज्याचे झाले होते.

मग तुम्ही अगदी टपरीवर बसल्यासारखं, सावकाश विचारलंत, "पावणं, तंबाखू हाये का?"

आपल्याकडं तंबाखू मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. वैऱ्यालाही नाही, सोयऱ्यालाही नाही. माझा उजवा हात खिशाकडं गेला. आणि मळायला दोन्ही लागतात, म्हणून डावाही गेला. स्टिक पुढं गेली, तुमचा पाय उलट्या बाजूच्या पेडलवर पडला. क्षणभर सगळं वजन संपलं. माझ्या नाकासमोर तंबाखू तरंगत होती आणि तिच्यामागं चुन्याची डबी, चंद्रासारखी. फिरणं थांबलं. तुम्ही विमान हळूच सुळकीतून वर काढलंत.

"साडेतीन झाल्या," तुम्ही म्हणालात.

खाली आल्यावर तुम्ही ब्रश घेऊन तासभर विमानातली तंबाखू झाडत होता. मग म्हणालात, "चला परत." त्यानंतर मी सहा वेळा गिरकीतून नीट बाहेर आलो. माझ्या हातांनी, माझ्या पायांनी. पण सहाही वेळा मागं तुम्ही होता, हे ध्यानात असू द्या.

गावात मी काय सांगितलं? त्याच संध्याकाळी पाच गिरक्या झाल्या. यात्रेपर्यंत सात. भाचीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, नऊ. मग अकरावर थांबलो, कारण त्यापुढं पठार पुरेना. आणि गोष्टीत कासरा मीच सोडायचो; मागच्या सीटवर तुम्ही डोळे मिटून देवाचं नाव घेत असायचात. एकदा तुम्ही समोर बसलेले असतानाच मी अकरा सांगितल्या. सगळ्या माना तुमच्याकडं वळल्या. "खरं का मास्तर?"

"मी मागं होतो," तुम्ही म्हणालात. "मोजायचं काम त्यांचं."

त्या दिवसापासून भेटलो की मी तुमच्यापुढं पुडी धरायचो. तुम्हीच मागितली होतीत, म्हणजे खात असणार. तुम्ही चिमूटभर घ्यायचात, कागदात गुंडाळायचात, "नंतर" म्हणून खिशात ठेवायचात. मला वाटायचं, माणूस घरी निवांत खाणारा दिसतो.

आपलं भांडण अर्धं राहिलं, मास्तर. बुधवारचं. मी म्हणालो होतो, "उतरताना शेवटच्या वळणावर, पाचशे फुटांवर गिरकी लागली तर चार जोड्या म्हणायला तरी जागा आहे का? माणूस दुसऱ्या जोडीला जमिनीत. मग ही वरची सर्कस कशाला?"

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात.

"म्हणूनच काय?"

"खाली लागूच द्यायची नाही म्हणून. ज्यानं उधळलेला बैल बघितला नाही, त्याला कान टवकारलेला बैल ओळखू येत नाही."

माझ्याकडं उत्तर होतं. ते असं, की उधळलेला बैल एकदा बघितला की निम्मी माणसं शहाणी होतात आणि निम्मी गावभर शेखी मिरवतात. दुसऱ्या निम्म्यांतला एक माणूस मी सहज दाखवला असता. पण मी म्हणालो, "उद्या बोलू." उद्या गुरुवार होता.

दशक्रियेच्या सकाळी तुमच्या मंडळींनी, काकूंनी, मला बाजूला बोलावलं आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हातात दिला. झाकण उघडलं तर आत पेपरच्या बारक्या पुड्या, शेकड्यानं. सगळी तंबाखू. कोरडी ठक्क.

"हे तुमचंच दिसतंय, बबनभाऊ," काकू म्हणाल्या. "ह्यांनी जल्मात तंबाकू खाल्ली न्हाई. वास आला तरी शिंका यायच्या. पर टाकू बी देईनात. म्हनायचे, बबनरावांची हाय, ऱ्हाऊ दे."

मी डबा घेऊन घाटाच्या पायरीवर बसलो. रडलो वगैरे नाही. मी हिशेब जुळवत होतो. राहू द्या, बटण लावा. आठ दिवसांचा चहा. तुम्ही माझा बिबट्या ऐकतच नव्हता. माझे हात बघत होता. मग तुमच्याकडं शिकायला आलेला तो डॉक्टर आठवला, ज्याला तुम्ही गिरकीत मध्येच "किती वाजले?" विचारलं होतंत आणि त्यानं स्टिक सोडून मनगट बघितलं होतं. आम्ही तेव्हा किती हसलो होतो, म्हाताऱ्याला मरतानाही वेळेची पडलीय म्हणून. प्रत्येकाचा हात कशानं सुटतो, ते तुम्ही चहाच्या कपामागून हेरून ठेवत होता. आणि सुटल्यावर कुणाला सांगत नव्हता, कारण ज्याचा त्याला मान राहू द्यायचा. माझा तर तुम्ही डबाभर सांभाळलात.

तर माईक माझ्या हातात होता आणि प्राजक्ता बघत होती.

मी म्हणालो, "अकरा नव्हत्या. साडेतीन."

लोक हसले. "बघा बबनरावांचा मोठेपणा!" पुढं बसलेला एकजण म्हणाला.

मी म्हणालो, मी सोडलंच नाही, मास्तरांनी तंबाखू मागितली. लोक आणखी हसले. एका म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "ही आजवरची सगळ्यात भारी," म्हणाला. मास्तर, खोटं बोलून मी तीस वर्षांत जेवढं यश मिळवलं नव्हतं, तेवढं खरं बोलून चार मिनिटांत मिळालं. माणसानं एकदा बिबट्याला पट्टा लावला की पुढं त्याच्या तोंडून खरं निघालं तरी ते शेपूट हलवतच येतं.

फक्त प्राजक्ता हसली नाही. मी माईक ठेवून खाली आलो तशी ती समोर आली.

"म्हणजे पहिल्या वेळी तुमचा हात तुमच्या मनानं सुटला नाही?"

"नाही."

"मागं मास्तर नसते तर?"

"तर माझ्या दशक्रियेला भाषण त्यांनी केलं असतं. कमी मिनिटांत. मी तुझ्या मागं बसणार नाही, पोरी. तू ओढलंस तर मी बी ओढीन. दोघं मिळून ओढू."

तिचा चेहरा उतरला. सात वर्षं बांधलेलं विमान, आणि आणखी तीन महिने कांद्यांच्या शेजारी. "आधी सांगायचं होतं, काका," एवढंच म्हणाली.

मग पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. सगळे एकेक करून पुढं येऊन तुम्हाला वचनं देत होते. काकूंना एकटं सोडणार नाही. तुमचं विमान विकणार नाही. शेवटी मी गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, मास्तर, तिच्या मागं मी बसणार नाही, आणि अकरा पुन्हा सांगणार नाही. आता इथं लगेच कावळा आला असं मी गावात पुढंमागं सांगेन. तुमच्यापाशी नको. कावळा त्यानंतर वीस मिनिटांनी आला, आणि पिंडाशेजारी भजी ठेवल्यावर आला. वाऱ्याच्या तोंडावर, नाक वर, शेपटी खाली. पंखावरची पिसं अगदी शेवटी लोकरीसारखी उभी राहिली आणि पाय टेकले. उतरणं म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवरचा स्टॉल, तुम्ही म्हणायचात. सगळ्यांनी हात जोडले. मी तेवढं उतरणं बघून घेतलं. चांगला उतरला.

दुसऱ्या दिवशी मी प्राजक्ताला फोन केला. म्हणालो, तीन महिने थांब, त्या लांबच्या मास्तरांकडंच जा. पण त्याआधी कॉलेज सुटलं की पठारावर येत जा, चहा पाजतो.

"चहा प्यायला एवढ्या लांब?"

"मास्तरांची पद्धत आहे."

आली. रोज आली. रागात होती, पण आली. मी तिला बिबट्या सांगितला, घोंगडी सांगितली, शिंक आणि रुमाल सांगितला. तिला वाटलं, काकांना ऐकायला माणूस पाहिजे. ती चार जोड्या पाठ म्हणायची, मी मान डोलवायचो, आणि तोंडानं गोष्ट चालू ठेवून तिचे हात बघायचो. बोलणं आणि बघणं एकाच वेळी जमत नाही, हे मला या वयात कळलं. तुम्ही गप्प का असायचात तेही. मग मी गप्प बसायला लागलो. टपरीवाल्यानं दोनदा विचारलं, "बबनराव, तब्येत बरी हाय ना?"

शेवटी दिसलं, तिचा हात कशानं सुटतो ते. त्या लांबच्या मास्तरांना मी फोन लावला आणि सांगितलं, ही पोरगी वर जाऊन स्टिक धरून बसली तर तिला एवढंच विचारा. ते आधी हसले. मग मी तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाले, थांबा, लिहून घेतो.

काय विचारायचं ते इथं सांगत नाही. प्राजक्ता हे वाचणार आहे, आणि एकदा कळलं की हात फसत नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही ते पहिल्याच चहाला ओळखलं असतंत.

मला आठ दिवस लागले, मास्तर. आठ म्हणजे आठच.